घासून टाकलेला तोल

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या पोटाखालचा दांडा आहे. मोटार दिसली की तुम्ही तिचे दिवे पाहता, भोंगा दाबता, आरशात तोंड पाहून केस सारखे करता. खाली वाकून मला कोणी पाहत नाही. पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवायची, एवढंच माझं काम. गॅरेजात मला प्रोपेलर म्हणतात, खेड्यात नुसता दांडा. नावाचं मला काही वाटत नाही. पण माझ्यापायी एका भल्या माणसाच्या हातावर दोन वर्षं ठपका राहिला, त्याचं मात्र फार वाटतं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मी तीन हात लांब, पोकळ, लोखंडी. तयार झाल्यावर एका चष्मेवाल्या कामगाराने मला यंत्रावर चढवून गरगर फिरवलं. मी एका अंगाला किंचित जड निघालो आणि थडथडायला लागलो. त्याने माझ्या हलक्या अंगाला अंगठ्याएवढी लोखंडाची पट्टी लावली, वेल्डिंगचे चार टिपके दिले आणि पुन्हा फिरवलं. आता शेजारी ठेवलेल्या बशीतलं पाणीसुद्धा हललं नाही. ती पट्टी म्हणजे माझा तोल होता. दिसायला मात्र ती ओबडधोबड होती, कोऱ्या सदऱ्याला ठिगळ लावावं तशी. मला तिची लाज वाटायची. माझ्या शेजारच्या खोक्यातल्या दांड्याला अशी पट्टी नव्हती आणि तो स्वतःला फार मोठा समजत होता. पुढे त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मोटारीला बसवून मला जहाजाने मुंबईला आणलं. नऊ वर्षं मी सुरतेच्या एका डॉक्टरांकडे काढली. मग कोरीटच्या रेवजी पाटलांनी ती मोटार विकत घेतली. हा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात होता. रेवजी पाटील गुजर शेतकरी, घरची कपाशी आणि केळी. त्यांनी मला नंदुरबारच्या कापसाच्या जिनिंगपर्यंत आणि तापीच्या वाळूपर्यंत मनसोक्त पळवलं. त्यांच्या शेजारी त्यांची पत्नी जसोदाबाई बसायच्या, डोक्यावरचा पदर दातात धरून. ती पाच वर्षं माझी सुखाची गेली.

रेवजी वारले आणि मोटार कपाशीच्या कोठीत लोटली गेली. सात वर्षं ती तिथून हलली नाही. उंदरांनी गाद्या खाल्ल्या, कोंबड्यांनी मागच्या बाकावर अंडी घातली. माझ्यावरचं वंगण वाळून दगड झालं, त्यावर धूळ बसली, धुळीवर पुन्हा वंगण. चांगला बोटभर थर चढला. दर दसऱ्याला घरातल्या नांगर-कुळवांची पूजा झाली की जसोदाबाई कोठीत येऊन मोटारीलाही कुंकू लावायच्या. सातव्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, श्रावणातच त्यांनी आपल्या मुलाला, भाईदासला, बजावलं, “औंदा मरेल गाडीनी पूजा मी नही करनार.” बंद पडलेली गाडी त्यांच्या लेखी मेलेली होती.

भाईदास आईचा शब्द खाली पडू देणारा नव्हता. बैलजोडी जुंपून दोन दिवसांत त्याने मोटार ओढत विसरवाडीला आणली. तिथे सुरत-धुळे रस्त्याच्या कडेला दगा मिस्तरीची पत्र्याची शेड होती. साठीचा माणूस, अंगात बंडी, कानावर विडी. या रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांचा त्याच्यावर देवासारखा विश्वास होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा.

त्याच वर्षी त्याच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. चहाची कपबशी धरली की खुळखुळ वाजायची. चहावाला त्याचा कप अर्धाच भरायचा. पण मित्रांनो, एक गोष्ट फक्त आम्हा लोखंडाच्या लोकांना ठाऊक होती. हातात पाना आला की तो कंप थांबायचा. त्याने माझे बोल्ट सोडवले तेव्हा एकाही बोल्टाचा कंगोरा झिजला नाही. चहाच्या टपरीवर बसून हे कोणाला दिसणार?

मळलेल्या पुर्ज्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा दगा मिस्तरीचा नेम होता. आधी स्वच्छ करायचं, तडा आहे का पाहायचं, मगच बसवायचं. त्यात भाईदासने सांगून ठेवलं होतं, “मिस्तरी, खालथिन बी चमकाले जोयजे. माय वाकीसन देखस.”

शेडसमोर निंबाखाली सलाउद्दीनचा भाता होता. सलाउद्दीन नंदुरबारचा कल्हईवाला. दसरा-दिवाळी आली की बाया तांब्या-पितळेची भांडी काढतात, म्हणून दोन महिने तो विसरवाडीला मुक्काम ठोकायचा. त्याची आणि मिस्तरीची पाच वर्षांची दोस्ती. दुपारी मिस्तरी आपल्या भाकरीतली अर्धी त्याला द्यायचा.

“सल्लूभाई,” मिस्तरी त्याला म्हणाला, “तू तांबाले चांदी बनाडस. मन्हा लोखंडनं काय करशी?”

“लोखंडनी चांदी नही व्हस, मिस्तरी,” सलाउद्दीन म्हणाला. “पन तोंड दखाई इतलं साफ करी दिसू.”

अल्युमिनियमची भांडी घराघरात शिरत होती आणि कल्हईचं काम दर साली घटत होतं. नव्या कामाची त्याला गरज होती. त्याने गिअरबॉक्सचं झाकण घासलं, मागचे एक्सल घासले आणि शेवटी मला हातात घेतलं. मिस्तरी त्या दिवशी बेरिंगं आणायला नंदुरबारला गेला होता.

रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने, मग विटकरीच्या भुकटीने आणि नारळाच्या काथ्याने सलाउद्दीनने माझा सात वर्षांचा मळ उतरवला. मी त्याखालून निघालो तो मलाच ओळखू येईना. रस्त्याने जाणारे थांबायला लागले. “काय चमकस रे,” कोणीतरी म्हणालं. माझ्याकडे पाहून असं आजवर कोणी बोललं नव्हतं. मी फुगलो. खोटं कशाला सांगू, फारच फुगलो.

आणि मग त्याचा अंगठा पट्टीला अडला.

त्याच्या घरात एक शिकवण होती. त्याचे वडील बशीर मोठे कारागीर. फुटक्या भांड्याला डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, देऊन झाला की तो घासून इतका सपाट करायचा की घेणाऱ्या बाईने वरून अंगठा फिरवला तर कळू नये. “अंगूठा अटका तो कारीगर हारा,” असं ते म्हणत. त्यामुळे सलाउद्दीनला ती पट्टी कशी दिसली असेल, तुम्हीच सांगा. कोणा आळशी माणसाने फुटका दांडा ठिगळ लावून तसाच सोडला आहे, असं त्याला वाटलं. त्याने आतून-बाहेरून निरखलं. खाली भोक नव्हतं, तडा नव्हता. म्हणजे ठिगळ नुसतं फुकटचं. त्याने कानस घेतली आणि चारही टिपके कापले. पट्टी अख्खी सुटून त्याच्या मांडीवर पडली. मग तासभर घासून त्याने ती जागा लोण्यासारखी मऊ केली.

मी त्या वेळी काय करत होतो? मित्रांनो, मी खूश होतो. ती पट्टी कशासाठी आहे, हे मला जन्माच्या दिवशीच कळलं होतं. पण विसरायची इच्छा असली की माणूस विसरतो आणि लोखंडही विसरतं. एकदाची ती कुरूप गोष्ट गेली, एवढंच माझ्या मनात होतं. मला बोलता येत नाही, ही सबब मी आजवर स्वतःला देत आलो. पण त्या दिवशी वाचा असती तरी मी गप्पच राहिलो असतो.

कारागीर धातूचा तुकडा कधी फेकत नाही. सलाउद्दीनने ती पट्टी कल्हईला लागणाऱ्या नवसागराच्या डब्यात टाकली आणि मला काळा रंग दिला.

संध्याकाळी मिस्तरी आला. मला पाहून त्याने जिभेने टक् केलं, ती त्याची शाबासकी. वंगणाच्या थराखाली ती पट्टी त्याने कधी पाहिलीच नव्हती. तरी सवयीने त्याने विचारलं, “काई काढं-बिढं ते नही ना?”

“नही मिस्तरी. फक्त घासं.”

तो खोटं बोलला नाही. त्याच्या धंद्यात खडबडीत डाख सपाट करणं म्हणजे घासणंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोटार चालू होऊन उभी राहिली. जसोदाबाई खास कोरीटहून एसटीने आल्या. खाली वाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर पूजेचा कलश घेऊन. भाईदास चालवायला, शेजारी मिस्तरी. नंदुरबारच्या वाटेला लागलो. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग मोकळा रस्ता आला, भाईदासने वेग वाढवला आणि मी थडथडायला लागलो. कारखान्यातला तो पहिला क्षण मला आठवला. मी स्वतःला सावरू पाहत होतो, पण फिरणाऱ्याला स्वतःला धरता येत नाही. काचा वाजल्या, दारं वाजली, जसोदाबाईंच्या मांडीवरचा कलश कलंडला आणि पाणी त्यांच्या पायांवर सांडलं. भाईदासने वेग कमी केला.

तशाच मंद चालीने ते घरी पोचले. पूजा झाली. दुसऱ्या दिवशी त्याच चालीने मोटार परत विसरवाडीला आली आणि मिस्तरीने ती उघडली. नवी बेरिंगं काढून पुन्हा बसवली. गाडी हलली. माझ्या टोकांचे सांधे बदलले. गाडी हलली. मला दोन विटांवर ठेवून टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून पाहिला, मी सरळ सुतासारखा. पुन्हा बसवलं, पुन्हा हलली. तीन वेळा त्याने अख्खी मोटार खालून सोडवली. प्रत्येक बोल्ट त्याने नीट आवळला होता, हे मी सांगू शकत होतो. पण मला कोण विचारणार?

चहाच्या टपरीवर मात्र उत्तर तयार होतं. कोणी पहिल्यांदा म्हटलं ते माहीत नाही, पण आठवडाभरात सगळेच म्हणायला लागले, “मिस्तरीना हात हालस, म्हनीसन गाडी हालस.”

हे बोलणं हसण्यावारी सुरू झालं आणि खरं होऊन बसलं. नेहमी थांबणारे दोन ट्रकवाले न थांबता पुढे निघून गेले. भाईदासने एकही वाईट शब्द काढला नाही. तो मिस्तरीच्या पाया पडला, मोटारीला पुन्हा बैल जुंपले आणि निघाला. मिस्तरीने मला तेवढं ठेवून घेतलं, सुरतेला दाखवतो म्हणाला. पण त्याने मला कुठेही पाठवलं नाही. रोज तो माझ्यासमोर बसायचा आणि स्वतःच्या हाताकडे पाहायचा. मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो त्याच दिवसांत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्याने सगळे पाने फडक्यात गुंडाळले आणि शेडच्या किल्लीसकट सलाउद्दीनच्या हातात दिले.

“सल्लूभाई, पाना तुन्हाजोडे ठेव. मन्हा हातवर आते मन्हाच भरोसा नही.”

तो रनाळ्याला आपल्या लेकीकडे, शांतीबाईकडे, राहायला गेला.

सलाउद्दीन वाईट माणूस नव्हता, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. त्याने शेड झाडून ठेवली, पान्यांना तेल लावलं. ट्रकवाले पुर्जे घासून मागायला लागले होते, त्यावर त्याचं घर चालू लागलं. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा. सव्वा वर्ष असंच गेलं.

मग १९६० च्या माघात एका इंदूरकडच्या ट्रकचा दांडा निंबाखाली उतरवला गेला. सलाउद्दीनने तो घासायला घेतला. त्यावरही तशीच पट्टी होती. त्याने कानस उचलली आणि ड्रायव्हरला विचारलं, “ये ठिगल निकाल दूं?”

“हाथ मत लगाना उस्ताद,” ड्रायव्हर उठून उभा राहिला. “वो बॅलन्स की पट्टी है. निकल गई तो गाडी नाचेगी.”

सलाउद्दीनने कानस खाली ठेवली. थोड्या वेळाने तो शेडमध्ये आला आणि माझ्यावर, जिथे ती पट्टी होती तिथे कुठेतरी, त्याने अंगठा ठेवला. मला वाटलं, आता हा रनाळ्याची एसटी धरेल.

त्याने धरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राज्य नवं झालं, सरकारी पाट्या बदलल्या, पेरण्या झाल्या, पोळा गेला. रोज तो किल्ली फिरवून शेड उघडायचा आणि माझ्याकडे न पाहता आत यायचा. मित्रांनो, भीती म्हणजे काय हे मी त्याच्यात पाहिलं. ज्या कारागिराचा हात चुकला असं चार बाया म्हणाल्या, त्याच्याकडे पाचवी भांडं आणत नाही. आणि ज्याने रोज अर्धी भाकर दिली, त्याच्यासमोर कोणतं तोंड घेऊन उभं राहायचं? जितके दिवस जात होते, तितकं सांगणं जड होत होतं.

भादव्यात त्याची बायको साबिरा बाजाराला म्हणून विसरवाडीला आली. डब्यातून नवसागर काढताना तिच्या बोटाला पट्टी लागली. तिने विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं, एका दमात, खाली मान घालून. तिने पट्टी तळहातावर घेतली.

“इल्जाम उनके हाथ पे,” ती म्हणाली, “और चीज आपके डिब्बे में. ऐसा कैसे चलेगा?”

दुसऱ्याच दिवशी सलाउद्दीनने मला गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतलं. एका हातात छोटा भाता आणि हत्यारांची पिशवी. एसटीत मी दोन बाकांच्या मधे आडवा होतो. कंडक्टर कुरकुरला, एका म्हातारीने माझ्यावर पाय ठेवला. रनाळ्याला उतरून सलाउद्दीन शांतीबाईच्या घरी पोचला.

मिस्तरी अंगणात बाजेवर बसला होता. दोन वर्षांत तो फार वाळला होता. शांतीबाईने चहा आणला आणि त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली. सलाउद्दीनने मला जमिनीवर ठेवलं, गोणपाट सोडलं आणि पट्टी मिस्तरीच्या पायाशी ठेवली.

“मिस्तरी, हाई पट्टी मी काढी व्हती. दसराना आगे. माले ते ठिगय वाटनं. तीच बॅलन्सनी पट्टी व्हती. गाडी तिनामुये हालनी.”

मिस्तरीने पट्टी उचलली, उलटसुलट केली. त्याला समजायला वेळ लागला नाही.

“तुले कव्हय समजनं?”

“आठ महिना व्हयनात.”

“आठ महिना गुपचूप बठना?”

“माले भ्याव लागना.”

शांतीबाई दारात उभी होती. मिस्तरीने वाटी खाली ठेवली. “मी दोन साल मन्हा हातले शिव्या दिध्यात, सलाउद्दीन,” तो म्हणाला. ‘सल्लूभाई’ म्हणाला नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. “राते झोप नही ये. वाटे, कोना तरी गाडीखाल मानूस मरी जाई मन्हा हातमुये. बरं व्हयनं, सोडी दिधं.” मग तो उठून अंगणाच्या टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. सलाउद्दीन जमिनीवर बसून होता. मला वाटलं, आता आम्हाला तसंच परत जावं लागणार.

बऱ्याच वेळाने मिस्तरी परत आला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला.

“कोठे व्हती?”

ही खरी अडचण होती. पट्टी बोटभर जरी इकडेतिकडे लागली असती तर माझा तोल आणखी बिघडला असता. सलाउद्दीनने रंग खरवडला आणि अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. कुठेच अडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपलं काम इतकं चांगलं झाल्याचं दुःख झालं असेल. मिस्तरीने पाहिलं, शांतीबाईने पाहिलं. मी नुसता चमकत होतो.

मग सलाउद्दीनने पिशवीतून तेजाबाची बाटली काढली. भांड्याला कल्हई लावायच्या आधी तेजाब फिरवला की जुना डाख वेगळ्या रंगाचा उमटतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. काडीला कापूस गुंडाळून त्याने मला हळूहळू पुसायला सुरुवात केली. मला झोंबलं. झोंबू दे म्हटलं. हाताएवढा भाग झाला, काही नाही. दीड हात झाला, काही नाही. आणि मग चार काळपट टिपके एकेक करून वर आले, अंगठ्याएवढ्या जागेच्या चार कोपऱ्यांवर.

त्याने कोळसे पेटवले, भाता लावला. पितळी डाखाचे कण आणि डाख नीट धरावा म्हणून टाकणखार तयार केला. डाख वितळेपर्यंत कोणीतरी पट्टी सांडशीने अगदी नेमकी धरायला हवी होती. केसभर सरकली की संपलं.

“धरा, मिस्तरी.”

“मन्हा हात हालस.”

“धरी ते देखा.”

मिस्तरीने सांडशी घेतली. ती हवेत होती तोवर टोक थरथरत होतं. पट्टी माझ्या अंगाला टेकली आणि कंप थांबला. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, पण त्या दोघांनी ते आज पाहिलं. कोळसे लाल झाले, डाख वितळून पट्टीखाली पसरला, आणि तेवढा वेळ तो म्हातारा हात जराही हलला नाही. शांतीबाईने पदर तोंडाला लावला. डाख गार झाल्यावरही मिस्तरीने बराच वेळ सांडशी सोडली नाही.

काम झालं तेव्हा कडेने डाखाचे ओघळ तसेच राहिले होते. सलाउद्दीनचा हात आपोआप कानशीकडे गेला. मग त्याने कानस उलटी करून पिशवीत टाकली.

“अडू दे अंगठा,” तो म्हणाला.

दसऱ्याला चार दिवस होते. कोरीटला जाऊन मिस्तरीने मला स्वतः बसवलं. भाईदासला सगळं सांगितलं तेव्हा तो दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला आणि मग आईला बोलवायला गेला. गाडी विसरवाडीच्या वाटेला काढली आणि जसोदाबाई कलश घेऊनच बसल्या. नंदुरबार ओलांडलं, मोकळा रस्ता आला, वेग वाढला. मी फिरत होतो आणि मला फिरणं जाणवतही नव्हतं. कलशातलं पाणी कलशातच होतं.

“आते हाई त्यास्नी गाडी शे,” जसोदाबाई नवऱ्याच्या आठवणीने म्हणाल्या.

विसरवाडी आली तेव्हा मिस्तरीने टपरीपाशी गाडी थांबवायला लावली. तो उतरला आणि चहावाल्याला म्हणाला, “पूरा कप भर.” तीच माणसं बसली होती. त्याने कपबशी घेतली आणि ती खुळखुळली. चहा बशीत सांडला, बशीतून बंडीवर.

“हात ते अजून हालस,” कोणीतरी हळूच म्हणालं. दोघं हसले. मिस्तरी कप हातात धरून तसाच उभा राहिला.

तेव्हा सलाउद्दीन गाडीतून उतरला. टपरीवर त्याची गिऱ्हाइकं होती, गिऱ्हाइकांचे नवरे होते.

“हात पहिलेथिन हालस,” तो म्हणाला. “गाडी मन्हामुये हालती व्हती. बॅलन्सनी पट्टी मी घासी टाकी. मिस्तरीनी काही चूक नव्हती. आठ महिना माले मालूम व्हतं आनि मी सांगं नही.” मग तो पुढे म्हणाला, “वाका आनि अंगठा फिराडा.”

आधी चहावाला उठला. धोतर सावरून तो गाडीखाली वाकला आणि त्याने माझ्यावर अंगठा फिरवला. अंगठा अडला. मग तो हसणारा आला. मग आणखी चार-पाच जण. मित्रांनो, सगळ्या आयुष्यात लोक पहिल्यांदाच माझ्यासाठी वाकले होते, आणि ते पाहत होते ते माझ्या अंगावरचं सगळ्यात कुरूप ठिकाण. मला लाज वाटली नाही.

मिस्तरीने उरलेला चहा प्यायला, मिशी पुसली आणि सलाउद्दीनकडे न पाहता म्हणाला, “पाना लई ये.”

शेड पुन्हा उघडली. पण सगळं पहिल्यासारखं झालं, असं मी सांगणार नाही. त्या दिवाळीला विसरवाडीच्या बायांनी सलाउद्दीनकडे भांडी दिली नाहीत. तो काहीही घासून टाकतो, असं म्हणायला लागल्या. त्याने ते ऐकून घेतलं. हंगामात तो पुढच्या गावांना फिरायचा आणि पायी परत यायचा. मिस्तरी त्याला पुन्हा अर्धी भाकर द्यायला लागला, पण हाक मारायचा ती सलाउद्दीन म्हणूनच. ते आठ महिने त्यांच्या मधे बसून राहिले होते आणि त्यांच्यावर कोणताही तेजाब चालत नव्हता.

चार वर्षं मिस्तरीने काम केलं. शेवटी तो थांबला तो डोळ्यांमुळे, हातामुळे नव्हे. त्या दिवशी आमची मोटार दसऱ्याआधीच्या तेलपाण्यासाठी शेडमध्येच उभी होती, म्हणून मी ऐकलं. त्याने पाने फडक्यात गुंडाळले, चाचपडत निंबाखाली गेला आणि गाठोडं पुढे केलं.

“सल्लूभाई, पाना तुन्हाजोडे ठेव.”

सलाउद्दीनला ते गाठोडं लगेच घेता आलं नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिला जरूर घासा, पुसा, तेल द्या. पण तिच्या अंगावरचं एखादं ठिगळ काढायच्या आधी कोणा जाणत्याला विचारा. आणि चुकून काढून बसलात, तर सांगायला आठ महिने लावू नका. दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी एकदा खाली वाकून पाहायला तर कोणाची परवानगी लागत नाही.

सलाउद्दीन अजून दर दसऱ्याला कोरीटला येतो. चटई टाकून माझ्याखाली आडवा होतो आणि तेलाच्या फडक्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसतो. पट्टीपाशी आला की त्याचा हात थांबतो. मग फडकं तिला वळसा घालून पुढे जातं.